लाकडी पट्ट्यांच्या जुन्या छतात दिवे बसवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : छतात भोक पाडताना जुना गिलावा निखळून पडेल का?

उत्तर : खरा धोका हादऱ्यांचा आहे. पट्ट्यांमध्ये साधारण 6 मिलिमीटरची फट सोडलेली असते. ओला गिलावा तिच्यातून वर जाऊन पट्टीच्या पाठीवर वळतो आणि तिथेच कडक होऊन त्याची बोंडे बनतात. सारे छत या बोंडांनी धरून ठेवलेले असते. म्हणून आधी छत हलकेच ठोकून पाहावे. बद्द आवाज आला किंवा तळव्याने दाबल्यावर गिलावा वर सरकला, तर बोंडे तुटलेली आहेत असे समजावे आणि स्क्रू व रुंद चकत्यांनी गिलावा पट्ट्यांना आवळून घेतल्याशिवाय तिथे काहीही कापू नये.

कार्बाइडच्या कडेच्या होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) सावकाश फक्त गिलावा कापावा. लाकूड दिसताच थांबून बारीक दातांच्या पात्याच्या मल्टी-टूलने (पाते बारीक हलवत कापणाऱ्या विजेच्या अवजाराने) पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी आधी दोन्ही टोकांना अर्धी कापावी आणि मगच आरपार. एकच टोक आधी सुटले, तर मोकळी पट्टी थरथरते आणि शेजारची बोंडेही तोडते. पुढेमागे जोरात चालणारी करवत मी या कामाला कधीच सुचवणार नाही.

प्रश्न : तुळई शोधण्याचे यंत्र सगळीकडेच वाजते. मग तुळई कशी ओळखावी?

उत्तर : पट्ट्या तुळयांनाच खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, त्यामुळे कापडात गुंडाळलेले शक्तिशाली चुंबक फिरवल्यास खिळ्यांची सरळ ओळ सापडते, तीच तुळई. त्यानंतर मेन स्विच बंद करून दिव्याच्या मध्यावर लहान भोक पाडावे आणि काटकोनात वाकवलेली, टोकाला टेप गुंडाळलेली तार आत घालून गोल फिरवावी. ती कुठे अडली, तर जागा बदलावी.

प्रश्न : कोणता दिवा घ्यावा? जुन्या वायरिंगला जोडला तर चालेल का?

उत्तर : वेगळ्या जंक्शन बॉक्सचा चपटा एलईडी दिवा सोयीचा, कारण त्याला वर फारशी जागा लागत नाही. मात्र पट्टी आणि गिलावा मिळून जाडी 20 ते 25 मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक भरते. दिव्याच्या स्प्रिंग क्लिपा तेवढी जाडी पकडतात का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. वर उष्णतारोधक थर असेल, तर त्याला टेकलेला चालेल असे प्रमाणित केलेलाच दिवा घ्यावा. कापडी किंवा रबरी आवरणाची वायर वाकवताच आवरणाचे तुकडे पडू लागले, तर तिला नवा दिवा जोडू नये. ती वायर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी.

प्रश्न : धुळीसाठी साधा मास्क पुरेल का?

उत्तर : नाही. जुन्या रंगात शिसे आणि गिलाव्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून पहिले भोक पाडण्याआधीच नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ॲस्बेस्टॉस आढळल्यास छताला स्वतः हात लावू नये.