वाचकांचे प्रश्न : नागपूर मधोमध आहे, मग माल इथे थांबत का नाही?

प्रश्न : नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, झिरो माइल इथेच आहे, हे शाळेपासून ऐकतोय. अमरावती रोडला आमची दोन एकर जमीन आहे. तिथे गोदाम बांधावं असं घरच्यांचं म्हणणं. पण मध्यभागाचा एवढा फायदा असता तर कारखान्यांची रांग लागली नसती का? (वाडी)

उत्तर : घरचेही बरोबर आहेत आणि तुमची शंकाही. बाहेरून येऊन आजूबाजूला वाटला जाणारा माल वेगळा आणि इथे बनून बंदराकडे जाणारा वेगळा. पहिल्याला मध्यभाग फळतो, दुसऱ्याला समुद्र लांब पडतो.

हिशोब करून बघा. समजा, ट्रकभाडं टनाला किलोमीटरमागे ३ रुपये धरलं. मुंबईकडचं बंदर साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे टनाला २,४०० रुपये. टनाला ४०,००० रुपयांच्या तांदळावर हा बोजा ६ टक्के होतो, टनाला १० लाखांच्या औषधांवर पाव टक्काही नाही. म्हणून इथून परदेशी जाणारा माल वजनाला हलका आणि किमतीला भारी असला तरच परवडतो. शिवाय अजनीच्या कंटेनर डेपोत आयातीचा माल कमी उतरला, तर निर्यातीसाठी रिकामे कंटेनर बंदरावरून ओढून आणावे लागतात. ते भाडंही शेवटी निर्यातदाराच्याच बिलात चढतं.

जुना उद्योग इथे आला तो जमिनीमुळे. नागपूर बेसाल्टच्या पठाराच्या काठावर आहे. पश्चिमेला काळी माती, म्हणून कापूस. कामठी आणि उमरेडकडे कोळसा, मनसरला मँगनीज. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दाराशी, कोळसा आणि बाजार रेल्वेच्या आवाक्यात. नकाशावरचा मध्यबिंदू त्या हिशोबात कुठेच नव्हता.

वाटपाच्या मालाचं गणित मात्र अलीकडे बदललं. जीएसटीपूर्वी परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवून शाखेच्या नावे माल पाठवायच्या. १ जुलै २०१७ नंतर ते कारण संपलं. आता एकाच मोठ्या गोदामातून विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि उत्तर तेलंगण भागवता येतं, कारण श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ क्रमांकाचा आणि हजिरा-पारादीपचा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. तुमच्या वाडीची गोदामं त्याहून जुनी आहेत, आणि त्यांच्यामागे जकातीचा मोठा हात आहे. महापालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवला की शहरासाठी नसलेल्या, पुढे जाणाऱ्या मालामागे नाक्यावरची कटकट राहत नसे. २०१३ मध्ये जकात गेली, पण वस्ती, रस्ते आणि ट्रान्सपोर्टची कार्यालयं तिथेच रुजली.

बांधायचंच ठरलं तर तीन ठिकाणी पैसे वाचवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट फरशी टाकली की एकदोन पावसाळ्यांत तडे जातात आणि फोर्कलिफ्टची चाकं त्यात अडकतात. पाया मुरमापर्यंत न्या. फरशीखालची काळी माती काढून मुरूम थराथराने दाबून भरा. चढ-उताराचा ओटा ट्रकच्या फाळक्याला लागेल असा, साधारण चार फूट ठेवा. आणि ओट्यासमोर शंभर फूट तरी मोकळी जागा सोडा, नाहीतर ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर रस्त्यावरच आडवा होतो. भाडं ठरवण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्यांना एवढंच विचारा, इथून परतीचं भाडं मिळतं का? गाडी रिकामी परतणार असेल तर ते पैसेही जाण्याच्या भाड्यातच लावतात, आणि मधोमध असण्याचा फायदा तिथेच आटतो.

प्रश्न : नागपूर राजधानी राहिली असती तर शहर आज वेगळं दिसलं असतं का? (धरमपेठ)

उत्तर : हो, आमच्या मते बरंच वेगळं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. सचिवालय, न्यायालय, महाविद्यालयं, छापखाने, वकील या सगळ्यांचा पैसा सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठेच्या बाजूला मुरला. रेल्वेच्या पूर्वेला इतवारी, महाल, गांधीबाग इथे व्यापार आणि विणकाम राहिलं. ही फाळणी आजही वॉर्डावॉर्डाच्या मागण्यांत दिसते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन दिलं; पण फाइल जिथे सही होते ते ठिकाण ८०० किलोमीटरवर, मुंबईला गेलं. मुंबईला जोडणारा समृद्धी महामार्ग आणि मिहान (विमानतळालगतचा मालवाहतूक केंद्र आणि सेझचा प्रकल्प) ही इथल्या राजकारणाची भाषा का झाली, हे या अंतरातून कळतं.

प्रश्न : नाग नदीजवळ एक प्लॉट स्वस्तात मिळतोय. आरएल आहे. घ्यावा का? (नंदनवन)

उत्तर : आरएल म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासने प्लॉट नियमित केल्याचं पत्र. पाणी कुठवर चढतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. लाव्याच्या टेकड्यांकडून येणारं पाणी अंबाझरीत साठतं, सांडव्यावरून नाग नदीत उतरतं आणि भर वस्तीतून पूर्वेला जातं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट पाण्यात गेले. हा शहरातला जुना, सुस्थित भाग. सांडव्यापुढच्या विवेकानंद स्मारकाने पाणी अडतं का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

आधी झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) आणि पार्ट प्लॅन (विकास आराखड्याच्या नकाशाचा त्या जागेपुरता भाग) काढा आणि त्यावर जलसंपदा विभागाच्या पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट असेल तर विषय सोडून द्या. दोन्हींच्या मधे असेल तर अटींवर बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटीमीटर वर लागतं. त्या भरावाचा खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवा, स्वस्ताई बरीच उतरेल. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा घ्या. ले-आउटमध्ये बुजवलेले नाले त्यावर दिसतात, आणि बुजवलेल्या नाल्यावरच्या घरात पाणी आधी शिरतं. जवळच्या पुलाच्या स्लॅबची उंची डम्पी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) मोजून घ्या. कचरा अडकून पुलाची मोरी बंद झाली की पाणी त्या स्लॅबइतकं चढतं, म्हणून तुमचं जोतं त्याच्या वर हवं. तळघर करू नका. आणि गटाराच्या जोडणीला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. पुरात घाण पाणी बऱ्याचदा दारातून येण्याआधी संडासाच्या भांड्यातून वर येतं.