वाचक विचारतात : रस्त्याखाली कारखान्याचा स्लॅग

प्रश्न : वस्तीजवळच्या रस्त्याला खडीऐवजी पोलाद कारखान्याचा स्लॅग टाकत आहेत. शेजारी विहीर आहे. धोका आहे का?

उत्तर : स्लॅग म्हणजे पोलाद बनवताना निघणारी मळी. ती कशी मुरवली आणि त्यातून पाणी कुठे जातं, यावर ते ठरेल. पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) उरतो. पाणी लागलं की चुना जवळपास दुप्पट जागा घेतो. मॅग्नेशिया तेच सावकाश, वर्षानुवर्षं करत राहतो. ताजा माल दाबला तर डांबर फुगून तडकतं. म्हणून ढिगावर पाणी मारत तो काही महिने मुरवतात आणि मग दाबलेला नमुना ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान ७ दिवस ठेवून किती फुगतो ते मोजतात. तो अहवाल मागा.

विहिरीचा प्रश्न वेगळा. स्लॅगमधून पाझरणाऱ्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ते खूप अल्कधर्मी होतं. मोरीच्या तोंडाशी पांढरा थर धरू लागला, तर पाणी स्लॅगमधून वाहतंय असं समजा. ठेकेदार बहुधा मालात एकूण किती धातू आहेत याचा कागद दाखवतो. त्यावरून फारसं कळत नाही. हवी ती पाझर-चाचणी : बारीक केलेला माल दहापट पाण्यात २४ तास हलवून त्या पाण्यातलं क्रोमियम, व्हॅनेडियम, शिसं मोजायचं. स्टेनलेस स्टीलचा स्लॅग असेल तर क्रोमियमसाठी जास्तच काटेकोर राहा. स्लॅगचा थर भूजलाच्या वर आणि डांबराखाली बंद हवा, साइडपट्टीवर उघडा नको. काम सुरू होण्याआधी विहिरीच्या पाण्याची तपासणी करून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

प्रश्न : औष्णिक केंद्राच्या राखेचा भराव महिनाभर उघडा पडलाय. चालतं का?

उत्तर : नाही. सुकलेली राख वाऱ्याने उडते, तिचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. पावसात उतार घळी पडून वाहून जातो. राख ओलसर ठेवूनच पसरायची, थराथराने रोलर फिरवायचा आणि बाजूंचं मातीचं आवरण भरावाबरोबरच चढवत न्यायचं. आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन पाण्यात उतरू शकतात, त्यामुळे तळाशी पाणी साचणारी जागा टाळायची.

प्रश्न : उरलेला स्लॅग घराच्या फरशीखाली भरू का?

उत्तर : अजिबात नको. रस्ता फुगला तर खरवडता येतो, फरशीबरोबर भिंतीही उचलल्या जातात.