वस्तीतल्या मेक्सिकन खानावळीत काय मागवावे?

प्रश्न : आम्ही उभयता लवकरच मेक्सिको शहरात जाणार असून बड्या उपाहारगृहांऐवजी वस्तीतल्या साध्या खानावळीत जेवण्याचा विचार आहे. तेथे कुरकुरीत टाको मिळत नाहीत, हे खरे का? मी शाकाहारी आहे. माझी सोय होईल का?

उत्तर : बहुतांशी खरे आहे. पिवळे चीज भरलेला कडक कवचाचा टाको मुख्यतः अमेरिकेत रुळलेला असून मेक्सिकोत तळलेले ‘टाकोस दोरादोस’ मिळत असले, तरी रोजचा टाको मऊच असतो. त्याची खरी परीक्षा सारणापेक्षा तोर्तियात, म्हणजे सारण ज्यात घालतात त्या मक्याच्या पातळ पोळीत होते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर त्यातच ठेवतात, धुऊन साल काढतात आणि मग वाटतात. या प्रक्रियेमुळे पीठ थापण्याजोगे चिकट होते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. तव्यावरून नुकतीच उतरलेली, टम्म फुगून बसलेली तोर्तिया मिळाली, तर ती खानावळ सोडू नये. तुमच्या यजमानांनी संध्याकाळी ‘अल पास्तोर’ अवश्य मागवावा. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या उभ्या सळईवरील मांसाचा हा मेक्सिकन अवतार असून त्यात डुकराचे मांस असते. सळईवरून मांस कापताना वर खोचलेल्या अननसाची चकतीही सुरीच्या एका फटक्यात टाकोवर येते.

तुमची सोय होईल, पण चौकशी करावी लागेल. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण घोटलेल्या बीन्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. म्हणून ‘मांतेका’ म्हणजे चरबी आणि ‘काल्दो दे पोयो’ म्हणजे कोंबडीचा रस्सा, या दोहोंबद्दल स्पष्ट विचारावे. भोपळ्याच्या फुलांची, नोपाल निवडुंगाची किंवा वितलाकोचे या मक्यावरील काळ्या बुरशीची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया मागवावी. बुरशीच्या नावाने नाक मुरडू नये, चव मशरूमच्या जवळची असते. केसादियात चीज हवे असल्यास या शहरात तेही वेगळे सांगावे लागते, ज्यावरून इतर प्रांतांतले लोक राजधानीवाल्यांची थट्टा करतात.

दुपारी फोंदा नावाच्या घरगुती खानावळीत जावे. तेथील ‘कोमिदा कोरिदा’ या ठरावीक जेवणात सूप, भात किंवा पास्ता, एक मुख्य पदार्थ आणि बहुधा फळांचे किंवा जास्वंदीचे सरबत असते. टेबलावरची साल्सा, म्हणजे तिखट चटणी, मात्र आधी थेंबभर चाखावी. हिरवी सौम्यच असेल, असे गृहीत धरू नये.