नागअळीच्या माशीचं नाव-गाव

प्रश्न : गवताच्या पानांवर पांढरट रेघा दिसल्या. पान उजेडात धरलं, तर आत चपटा कोष. एका पुस्तकात या माशीचं नाव ‘क्रोमॅटोमाया नायग्रा’ दिलंय, दुसऱ्यात ‘फायटोमायझा नायग्रा’. या दोन वेगळ्या माश्या का? आणि ती सापडते कुठे?

उत्तर : माशी एकच. कीटकशास्त्रज्ञ मायगेनने १८३० मध्ये तिला फायटोमायझा या प्रजातीतच (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ठेवलं होतं. पुढे ग्रिफिथ्सने १९७४ मध्ये क्रोमॅटोमाया ही हार्डीची जुनी प्रजाती पुन्हा उभी केली. या गटातल्या अळ्या कोषासाठी जमिनीत उतरत नाहीत. पानातच होडीसारखा कोष करतात आणि श्वासाची दोन टोकं पानाच्या सालीतून बाहेर काढतात. भिंग घेऊन बघा, सुईच्या टोकाएवढी दिसतील. मला स्वतःला ही खूण फार आवडायची, कारण माशी हाती नसतानाही निम्मं काम व्हायचं. पण २००९ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की ‘क्रोमॅटोमाया’ माश्या एका घरच्या नाहीतच, फायटोमायझाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेल्या आहेत. प्रजाती विलीन झाली, माशी मूळ घरी आली. गंमत अशी की ‘क्रोमॅटोमाया नायग्रा’पुढे मायगेनचं नाव कंसात लिहितात आणि ‘फायटोमायझा नायग्रा’पुढे कंसाशिवाय. प्रजाती बदलली की मूळ लेखक, म्हणजे जातीला पहिलं नाव देणारा, कंसात जातो, परत आली की कंस गळतो. तुमच्या पुस्तकांत हा कंस तपासून पाहा.

आता तुमची माशी नायग्राच आहे का? पत्रावरून सांगणार नाही. पान आतून पोखरणाऱ्या अळ्यांना आपण सरसकट ‘नागअळी’ म्हणतो खरं, पण गवताच्या समांतर शिरांमध्ये नागमोडी वळायला जागाच नसते, त्यामुळे बहुतेकांची रेघ सरळच. रेघेवरून जात ओळखता येत नाही. दोन-तीन मिलिमीटरची काळसर माशी पाहूनही नाही. जात ओळखायला मादी तर बहुतेक वेळा निरुपयोगी. नर हवा. त्याचं पोट कॉस्टिक पोटॅश या तीव्र क्षारात स्वच्छ करून जननांग ग्लिसरीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा नमुना शिंकेसरशी उडाला. तेव्हापासून तोंडाला रुमाल बांधतो.

कोष पानासकट कुपीत ठेवा, तोंडाला कापूस लावा. पान कुजू देऊ नका. माशीऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तर निराश होऊ नका. माझ्या एका खेपेला सात कोषांतून पाच तशाच निघाल्या. त्या या अळ्यांवरच वाढतात. त्याही जपा, चिठ्ठी लावून.

राहिला पत्ता. नायग्रा युरोपात बरीच पसरलेली आहे आणि एकाच गवताला चिकटून राहत नाही. तिच्या जवळची जात फुस्कुला उत्तरेकडची; नॉर्वेत ती बार्लीवर उपद्रव करते. उष्ण भागात मक्याच्या-उसाच्या पानात असली रेघ दिसली, तर मी आधी स्यूडोनॅपोमायझा स्पिकाटा या दुसऱ्याच प्रजातीतल्या माशीचा संशय घेईन. पण नर न तपासता केलेल्या जुन्या नोंदींवर मी नकाशा रंगवत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या माश्या त्यांत एकाच नावाखाली जमा झालेल्या असतात.

तुमच्या कुपीत नर निघाला, तर गवताचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. गवत ओळखता आलं नाही, तर ओंबीसकट दाबून वाळवा.