जवळच्या दवाखान्यात सोयी नाहीत, मोठं हॉस्पिटल लांब: बाळंतपण करायचं कुठे?

आठवा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण. ती एकटीच आली आणि खुर्चीत टेकता टेकताच म्हणाली, "ताई, तुम्हीच काय ते सांगा. घरात जितकी माणसं तितकी मतं. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

(ओळख पटेल असे तपशील बदलून, तिला विचारूनच हे लिहिते आहे.)

जवळचा दवाखाना वीस मिनिटांवर. दोन खाटा, आलटून पालटून दोन नर्स, डॉक्टर फक्त दिवसा. सिझेरियन होत नाही, रक्त मिळत नाही. सगळ्या सोयींचं हॉस्पिटल अडीच तासांवर. नवऱ्याचा हट्ट, कळा सुरू झाल्या की थेट तिकडेच निघायचं. सासूबाई म्हणत, "माझी चारही घरीच झाली. त्या दवाखान्यात काही नाहीच, तर मग घर काय वाईट?"

थोड्याफार फरकाने हीच काळजी घेऊन कितीतरी जणी येतात. कुठलं ठिकाण चांगलं, असं त्या विचारतात. मी त्यांना दोन वेगळे प्रश्न देते. काही बिघडलंच तर पहिल्या अर्ध्या तासात तिथे कोण असेल आणि त्यांना काय करता येईल? आणि तिथून पुढच्या ठिकाणी पोचायला, मध्यरात्री, खरोखर किती वेळ लागेल?

हे विचारायचं कारण साधं आहे. अडचण कुणाला येणार हे आधी नेमकं कुणालाच सांगता येत नाही. सगळे रिपोर्ट चांगले असलेल्या बाईलाही बाळ झाल्यावर जास्त रक्तस्राव होऊ शकतो. ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो धोक्याचा इशारा. उपचार मिळाले नाहीत तर अशा रक्तस्रावात दोनेक तासांतही जीव जाऊ शकतो. अडीच तासांवरचं हॉस्पिटल तिथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं ते बाळ बाहेर येताच आईला दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचंही तसंच. पहिल्या मिनिटाच्या आत त्याच्या तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा द्यावी लागते. या दोन्ही गोष्टी शिकलेल्या नर्सच्या हातात असतात. त्यांना ऑपरेशन थिएटर लागत नाही.

म्हणून 'तिथे काही नाही' हे वाक्य मी तसंच मान्य करत नाही. काय नाही आणि काय आहे, हे जाऊन बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीतही तातडीच्या प्रसूतीसेवेच्या दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर रक्तस्राव थांबवणारी औषधं, बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट, अँटिबायोटिक इंजेक्शनं, अडकलेली वार (बाळामागून पडणारा, नाळ जोडलेला भाग) हाताने काढणं, बाळाला श्वास देणं अशी कामं येतात. सिझेरियन आणि रक्त चढवणं वरच्या पायरीवर. आपला दवाखाना खालच्या पायरीवर तरी भक्कम उभा आहे का, एवढं आपल्याला कळायला हवं.

तिला मी वहीत प्रश्न लिहून दिले आणि दवाखान्यात पाठवलं. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. नर्सताईंनी तिला खण उघडून बाळाचा मास्क आणि पिशवी दाखवली होती, दाबूनही दाखवली होती. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं म्हणून फ्रिज कुठे आहे, वीज गेली तर काय करतात, हे हिने न बिचकता विचारलं. गेल्यावर बर्फाचा डबा असतो, असं उत्तर मिळालं. रात्री नर्स असते का? असते. गाडी? दवाखान्याची नाही, बोलवावी लागते. या शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

मग ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खरं सांगू का? मला मरायची भीती नाही वाटत तितकी. त्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्या मावसबहिणीला एकटीलाच ठेवलं होतं, वर ओरडत होते. मला तिथे एकटं पडायचं नाहीये." सोयींच्या चर्चेत हे कधी येतच नाही. घरीच बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या अनेकींच्या मनात खरं तर घराच्या ओढीपेक्षा त्या वॉर्डाचा धसका असतो. तो धसका खरा असतो आणि 'काही होत नाही गं' म्हणून तो जात नाही. कळा देताना आपलं माणूस जवळ असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. तेव्हा दोन्ही ठिकाणी आधीच विचारायचं ठरलं: सोबत कोण राहू शकेल?

तिसऱ्या भेटीला सासूबाईंनाही बोलावलं. मी त्यांना खोडून काढायला बसले नव्हते. चार बाळंतपणं कशी झाली, एवढंच विचारलं. पहिली दोन त्यांनी भरभरून सांगितली. तिसऱ्याशी आल्यावर आवाज उतरला. "वार पडली नाही. दिवेलागणीपासून जात होतं अंगावरून. गाडी मिळेपर्यंत उजाडलं. मला काही आठवत नाही, सगळं नंतर ऐकलेलं." सुनेने हे पहिल्यांदाच ऐकलं.

घरी बाळंत होणं सगळीकडे, सगळ्यांसाठी चूकच, असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये सुमारे ६४,००० कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आधी मूल झालेल्या बायकांच्या बाबतीत घर आणि हॉस्पिटल यांत बाळाच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही. पण पहिलटकरणींमध्ये घरी बाळाला धोका जास्त आढळला, आणि त्यांच्यातल्या ठरवून घरी थांबलेल्यांपैकी ४५ टक्के जणींना मध्येच किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात न्यावं लागलं. तेही शिकलेली सुईण घरात हजर आणि हाकेला रुग्णवाहिका, अशा ठिकाणी. हे दोन्ही नसताना पहिलं बाळंतपण घरी करू नये, हे माझं मत मी त्या दोघींना सरळ सांगितलं.

मग कागदावर ठरलं ते असं. सगळं ठीक असेल तर जवळचा दवाखाना. मात्र बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त, बाळ पायाळू किंवा आडवं, अंगावरून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर कळांची वाट न बघता मोठं हॉस्पिटल. (जुळं, आधीचं सिझेरियन, खूप कमी हिमोग्लोबिन, खाली असलेली वार, यांपैकी काही असतं तर तिला पहिल्या भेटीतच मोठ्या हॉस्पिटलचं सांगितलं असतं.) डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी जाणं, ताप, यांसाठी रात्र असली तरी निघायचं. दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर. तिच्याच रक्तगटाची दोन माणसं सांगून ठेवलेली. आणि सगळ्यात जास्त वेळ ज्यावर गेला ते कलम: नवरा कामावर असला तर 'निघा' कोण म्हणणार? नुसत्या विचारण्यात आणि वाट बघण्यात किती तास जातात, हे मी फार वेळा पाहिलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणेन. पैसेही माझ्याजवळ ठेवा."

सदतिसावा आठवडा संपत आला तेव्हा दवाखान्यात बीपी १५० वर १०० आलं. नर्सताईंनी थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तेवढंच. लघवीत प्रथिनं. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, चिठ्ठी दिली. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. सासूबाई 'निघा' म्हणाल्या आणि दिवसाउजेडी दोघी तिथे पोचल्या. कळा आणाव्या लागल्या, पण सिझेरियन लागलं नाही. मुलगी झाली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. वॉर्डात तिच्यावर दोनदा कुणीतरी खेकसलं. ते सांगताना ती रडली, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण सासूबाईंना शेवटपर्यंत जवळ थांबता आलं, कारण ते आधी विचारून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी दोघी बाळाला घेऊन भेटायला आल्या. "पुढच्या वेळी जवळच्याच दवाखान्यात चालेल ना?" तिने विचारलं. एकदा असं बीपी वाढलं की पुढच्या वेळीही वाढण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तेव्हा दिवस राहिल्या राहिल्याच डॉक्टरांना सांगायचं आणि मग ठरवायचं, असं मी म्हटलं. मग विचारलं, घरी आल्यापासून बीपी कधी मोजलं? बाळंतपणानंतरही ते चढू शकतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. मोजलंच नव्हतं. सासूबाईंनी बाळ तिच्याकडे दिलं, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चल, नर्सताई असतील आत्ता."