चिकूला चिप बसवायची, पण फोन नंबरचं काय?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही मुलुंडला राहतो. गेल्या महिन्यात इंडी, म्हणजे देशी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं, चिकू, आता अडीच महिन्यांचा आहे. आमचे व्हेट म्हणाले पुढच्या लसीला आलात की मायक्रोचिप पण करून टाकू. सासूबाईंचं म्हणणं एवढ्याशा जिवाला कशाला टोचाटोची, आणि मिस्टर म्हणतायत चिप असली की पिल्लू हरवलं तरी मोबाईलवर दिसेल. मुलगी पुढच्या वर्षी शिकायला जर्मनीला जाणारे, तिला चिकूला सोबत न्यायचंय. आणि शेजारच्यांकडे मांजरीचं पिल्लू आहे, त्यांनीपण करावी का?

उत्तर: ताई, करा, नक्की करा. पण आधी मिस्टरांचा गैरसमज दूर करते, कारण हाच गैरसमज घेऊन कितीतरी लोक माझ्याकडे येतात आणि मग निर्धास्त होऊन पट्टा काढून ठेवतात. चिपमध्ये जीपीएस नसतं. बॅटरीपण नसते. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी असते, तिच्यात फक्त एक १५ आकडी नंबर. कोणीतरी स्कॅनर अगदी अंगाजवळ धरला तरच तो नंबर दिसतो, एरवी ती नुसती पडून असते, आणि म्हणूनच आयुष्यभर टिकते, चार्जिंगबिर्जिंग काही नाही.

आता त्या नंबरावरून तुमच्यापर्यंत पोचायचं कसं, इथेच सगळी गोची होते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेला एक लॅब्राडोर दोन कॉलेजच्या मुलांना शिवाजी पार्कजवळ सापडला, ते त्याला माझ्याकडे घेऊन आले, मी स्कॅनर फिरवला तर बीप वाजला, नंबर आला, आम्हा सगळ्यांना इतका आनंद झाला! पण त्या नंबरापुढे कुठेच कोणाचं नाव नाही. चिप बसवली, फॉर्म भरायचा राहून गेला. चार दिवस तो माझ्या क्लिनिकमध्ये दाराकडे तोंड करून बसला होता, नीट जेवलापण नाही, मला अजून आठवलं की कसंतरी होतं. शेवटी प्रभादेवीच्या एका सोसायटीतल्या वॉचमनने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो ओळखला म्हणून घरी गेला.

म्हणून चिप टोचायच्या आधीच व्हेटना विचारा की हा नंबर कुठल्या रजिस्टरमध्ये जाणार, नोंद तुम्ही करायची की ते करणार, आणि नोंद झाल्याचा मेसेज किंवा मेल हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. सगळे व्हेट एकाच ठिकाणी नंबर शोधतात अशी सोय आपल्याकडे नाहीये. चिपच्या पाकिटावर बारकोडचे स्टिकर असतात, एक लसीच्या कार्डावर चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. टोचायच्या आधी चिप स्कॅन करायला सांगा, टोचल्यावर परत.

सासूबाईंना सांगा की भूल वगैरे लागत नाही, मानेच्या मागे खांद्यांच्या मधोमध कातडीखाली जाते, सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते हे खरंय, पिल्लू एकदा कुंई करतं आणि खाऊ दिला की विसरतं. दोन-तीन दिवस तिथे चोळू नका. कधीकधी चिप सरकून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे जाते, त्यामुळे दरवर्षी लसीला गेलात की एकदा स्कॅन करून बघा.

जर्मनीचं मात्र नीट लक्षात ठेवा, कारण इथे क्रम चुकला की महिने वाया जातात. चिप आधी, रेबीजची लस नंतर. एकाच दिवशी केलं तरी चालेल, पण लस आधी दिलेली असेल तर युरोपात ती धरत नाहीत, परत द्यावी लागते. चिकू १२ आठवड्यांचा व्हायच्या आधी तिथे चालणारी रेबीजची लस देताच येत नाही, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त लॅबमध्ये टायटर टेस्ट, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी तपासणी, आणि रिपोर्ट चांगला आला तर रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांची, १५ आकडीच घ्या. सगळ्या कागदांवर तोच नंबर हवा, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एअरपोर्टवर रडायची वेळ येते.

आणि पट्टा! इंडी पिल्लू पट्ट्याशिवाय रस्त्यावर दिसलं की लोकांना ते रस्त्यावरचंच वाटतं, कोणी स्कॅन करायला नेणारच नाही. रिक्षावाल्याकडे, भाजीवाल्या मावशींकडे स्कॅनर नसतो, फोन असतो. पट्ट्यावर मोबाईल नंबर ठळक कोरून घ्या, दोन नंबर टाका. पालिकेचं कुत्र्याचं लायसन्स ही वेगळी गोष्ट आहे, चिप केली म्हणून ते टाळता येत नाही.

शेजारच्यांच्या पिल्लालाही करा. मांजरं गळ्यात पट्टा फार ठेवत नाहीत, म्हणून त्यांना तर चिपची जास्तच गरज. सुईची भीती वाटत असेल तर नसबंदीच्या वेळी भुलेतच करून टाकायची, कळतसुद्धा नाही. फक्त खिडक्यांना जाळी आजच लावा, नसबंदीची वाट बघू नका. आणि पिल्लू निसटलंच तर तुम्ही लांब शोधायला धावण्याआधी जिना, डक्ट, मीटरची खोली, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली बघा, घरातलं मांजर घाबरलं की बहुतेकदा जवळच कुठेतरी दबा धरून बसतं आणि हाक मारली तरी आवाज करत नाही, रात्री सगळं शांत झालं की टॉर्च आणि त्याचं नेहमीचं खाणं घेऊन परत एक चक्कर मारा.