तणरोधक सोयाबीनच्या बॅगा घरात आहेत, पेरू का?

प्रश्न: 'ग्लायफोसेट (तणनाशक) मारलं तरी पीक जळत नाही' असं सांगून एजंटाने सोयाबीनच्या तीन कोऱ्या बॅगा दिल्या. पैसे मोबाइलवरून घेतले, बिल दिलं नाही. शेतकऱ्यावर केस होत नाही, असं तो म्हणतो. पेरू का? (शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर: पेरू नका. ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन जनुकीय बदल केलेलं असतं आणि अशा सोयाबीनच्या एकाही वाणाला भारतात लागवडीची परवानगी नाही. अशा सोयाबीनचं तेल आयात होतं, हे खरं. पण त्यामुळे लागवड कायदेशीर ठरत नाही. पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ आणि त्याखालचे १९८९ चे नियम इथे लागू होतात. १ एप्रिल २०२४ पासून या कायद्याच्या कलम १५ खाली १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. केस होत नाही, हे तर साफ खोटं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात विनापरवानगी एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा, जनुकीय बदल केलेला) कापूस लावणाऱ्या शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले होते.

मला याहून जास्त काळजी वेगळीच वाटते. बॅगेत साधंच बियाणं निघालं, तर ग्लायफोसेटच्या एका फवारणीत तणाबरोबर सगळं पीक जाईल. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केलंय. पण बिल, लेबल, लॉट नंबर यांतलं काहीच नसताना विकणारा 'हे माझं बियाणंच नाही' म्हणून मोकळा होतो.

बॅगा फोडू नका, कुणाला विकू किंवा वाटू नका. तो वेगळा गुन्हा अंगावर येईल. बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं, म्हणून जनावरांनाही घालू नका. बॅगांचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि एजंटाचे मेसेज जपून ठेवा. मग गावाजवळच्या वकिलाकडून तक्रार अर्जाचा मसुदा तपासून घ्या, कारण माल तुमच्या ताब्यात आहे आणि अर्जातला प्रत्येक शब्द पुढे तुमचा जबाब ठरेल. तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे देऊन पोहोच घ्या. फसवणुकीची तक्रार पोलिसांत वेगळी करता येते.

तणासाठी कायदेशीर वाट आहे. इमाझेथापायर १० टक्के हे तणनाशक साध्या सोयाबीनवरही चालतं: एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांचं आणि जमिनीत ओल असताना. बियाणं परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच, पक्क्या बिलावर घ्या. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. बॅग टॅगच्या विरुद्ध बाजूने फोडा आणि टॅगसह मूठभर बियाणं काढणीपर्यंत ठेवा.